पाठमोरी वाटणी

वसईतल्या पाचूबंदरच्या प्रिसिलाला आराखडे करायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण गुण म्हणावा तर तो अधूनमधून तरी स्वतःच्या उपयोगी पडावा लागतो. चर्चच्या तरुण मंडळाची सहल कळंबच्या किनाऱ्यावर निघाली, तेव्हा तांदूळ कोणी आणायचे, पातेली कोणी, आधी जाऊन सुरूच्या सावलीत जागा कोणी धरायची आणि परतताना कुठल्या रिक्षात कोण बसायचं, सगळं तिने ठरवून दिलं होतं. सगळे वेळेवर आले. सगळ्यांनी नेमून दिलेलं सामान आणलं. आणि चूल पेटवायच्या वेळी कळलं की काडेपेटीच नाही. काडेपेटी प्रिसिलाने स्वतःच्या नावावर ठेवली होती. दुसऱ्यांची सोय लावता लावता स्वतःचं तेवढं राहून जायचं. त्या दिवशी पोरांनी तिला इतकं चिडवलं की पुढे कित्येक महिने ती दिसली की कोणीतरी खिशातून काडेपेटी काढून दाखवायचं.

बाप आल्बर्ट बोटीवर तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, हे तांडेलाच्या शब्दावर चालतं. आई वसईच्या बाजारात म्हावरं विकायला बसायची. लहानपणी प्रिसिला बोट यायच्या वेळेला बंदरावर जाऊन उभी राहायची आणि बोट पाण्यात किती खोल बसली आहे ते बघून आज टोपल्या किती निघणार ते सांगायची. कधी बरोबर यायचं, कधी साफ चुकायचं. मग बापाच्या मागे लागायची, "पप्पा, उद्या किती मिळेल?"

"दर्याला इचार," आल्बर्ट म्हणायचा.

दर्याला कसं विचारायचं ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही. ते तिला कळलं बारावी होऊन वसई रोडच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेल्यावर, स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या तासाला. जे घडून गेलं त्याच्या नोंदींवरून जे घडायचं आहे त्याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज कितपत चुकेल याचाही अंदाज बांधता येतो, असं बाईंनी फळ्यावर मांडून दाखवलं. वर्गातली अर्धी पोरं फोनमध्ये होती. प्रिसिला मात्र हरखून गेली. चुकीचासुद्धा हिशेब असतो, ही गोष्ट तिला फार मोठी वाटली. त्याच दिवशी तिने मनाशी पक्कं केलं की आपण यातच पुढे जायचं, पदवीनंतर एमएस्सीही यातच करायची.

ठरवलं म्हटल्यावर आराखडा आलाच. कॉलेजच्या वेबसाइटवरून तिने तिन्ही वर्षांचे विषय उतरवून घेतले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर शेवटच्या वर्षापासून उलटं मांडायला घेतलं. तिसऱ्या वर्षी मशीन लर्निंग नीट कळायला हवं असेल तर दुसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्सचा दुसरा पेपर घ्यायला हवा. तो घ्यायचा तर पहिल्या वर्षाचं गणित ढकलपास होऊन चालणार नाही. कुठला विषय कुठल्याच्या आधी, ते बाण काढून दाखवलं. पुढे सुजय सरांनी वर्गात नेमकं हेच शिकवलं. सुजय सर विभागप्रमुख, भुईगावच्या वाडीवाल्या बागायतदार घरातले, बोलायला मऊ आणि पेपर तपासायला कडक. ज्या कामाआधी दुसरं काम व्हावं लागतं अशा कामांचा क्रम कॉम्प्युटरने कसा लावायचा, हा त्या दिवशीचा धडा होता, आणि उदाहरण म्हणून त्यांनी पदवीचे विषयच घेतले. फळ्यावरचं चित्र बघून प्रिसिलाला हसू आलं. घरी भिंतीवर हेच टांगलेलं होतं, वर खिळा आणि खाली बाण.

तिच्या मागोमाग पाचूबंदरचे आणखी दोघे त्याच वर्गात होते. रिचेल तिची मावसबहीण, तोंडाने फटकळ, पण कोणाच्या मदतीला धावून जाण्यात पहिली. आणि गावातल्या बर्था मावशीचा डेरिक; ही मावशी नात्याची नव्हे, मानाची. डेरिकचा बाप आल्बर्टच्याच बोटीवर खलाशी होता. डेरिक अजून चालायला शिकत होता तेव्हाच बाप काविळीने गेला. बर्था मावशीने सुकी मासळी विकून पोराला वाढवलं. डेरिक अबोल, गणित दिसलं की घाम फुटणारा, पण हातात कला. चर्चच्या सणाचं आमंत्रण त्याने फोनवर असं बनवलं होतं की त्यातल्या होड्या खरोखर डोलायच्या, आणि ते नाळ्यापासून अर्नाळ्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरलं. दोघांच्याही विषयांचा आराखडा प्रिसिलाच करायची. डेरिकला तिने दुसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्स घेऊ दिलं नाही, चित्रांचा आणि वेब डिझाइनचा पेपर घ्यायला लावला. तिघांनी मिळून एक स्वप्नही बघून ठेवलं होतं: पदवी झाली की वसईतच आपली एक छोटी कंपनी काढायची. आपली बोट, असं ते म्हणायचे.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि तिसऱ्या वर्षाचे गट जाहीर झाले. गट तीन होते. एक डेटा सायन्सचा, एक नेटवर्क आणि त्याच्या सुरक्षेचा, एक मोबाइल अ‍ॅप आणि गेमचा. प्रत्येकाने एकच निवडायचा, आधीच्या पेपरांची अट नव्हती. त्या संध्याकाळी तिघं बंदरावरच्या धक्क्यावर बसली होती आणि प्रिसिला नेहमीच्या थाटात सांगत होती, "बोटीवर सगळेच तांडेल नसतात. तिघांनी तेच शिकून काय फायदा? तीन गट वाटून घेऊ, म्हणजे कंपनीत सगळं येणारं कोणीतरी असेल. मी डेटा घेते, रिचेल नेटवर्क, डेरिक अ‍ॅप."

रिचेल शेंगदाणे खात होती. ती म्हणाली, "वा गं प्रिसी! वाटणी पण तूच करणार, आणि मलई पण तूच खाणार?"

ती मस्करीत म्हणाली होती. पण डेटाच्या गटाला नोकऱ्या चांगल्या, हे कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि प्रिसिलाला ते वाक्य लागलं. तांडेलाच्या पोरीने चांगला वाटा स्वतःकडे ओढला, असं कोणी म्हणावं हे तिला सहन होईना. दोन वर्षं तू त्यासाठी गणितात डोकं घातलंस, तो तुझाच आहे, एवढं तिने स्वतःला सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण स्वतःची बाजू मांडायची वेळ आली की तिची काडेपेटी नेहमीच घरी राहायची.

"मग आपण वाटे घालू," ती म्हणाली. "बोटीवर घालतात तसे. पाठ फिरवून."

ती रीत अशी. विकायचं म्हावरं वेगळं काढलं की घरच्या कालवणापुरतं जे उरतं त्याचे वाळूवर वाटे घालायचे, बोटीवरच्या प्रत्येक घराचा एक. कितीही सारखे करा, एखाद्या वाट्यात सुरमई जाते आणि एखाद्यात नुसत्या बारक्या मांदेल्या उरतात. तंटा नको म्हणून तांडेल वाट्यांकडे पाठ करून, दर्याकडे तोंड करून उभा राहतो. खलाशी काठीने एकेका वाट्याला शिवतो आणि विचारतो, "ह्यो कोनाचा?" तांडेल न बघता नाव पुकारतो. ज्याच्या नावाची हाक पडली त्याचा तो वाटा. मग कुरकुर करायची नाही आणि अदलाबदल तर मुळीच नाही. हाक पडलेला वाटा मागायला जाणं म्हणजे तांडेलाच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. आल्बर्टच्या बोटीवर आणखी एक रीत होती. खलाशी मेला तरी त्याच्या घरचा वाटा बंद होत नसे. त्यामुळे बर्था मावशीचा वाटा दर वेळी असायचा, आणि गंमत म्हणजे सुरमई बहुतेक वेळा तिच्याच वाट्यात निघायची. बर्थाचं नशीबच तसं, असं सगळं पाचूबंदर म्हणायचं.

रिचेलने तीन कागदांवर तीन गट लिहिले, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आणि कुठूनशी एक काठी उचलून आणली. प्रिसिला दर्याकडे तोंड करून उभी राहिली. आपण बापासारख्या उभ्या आहोत याची तिला मजाही वाटत होती.

रिचेलने आवाज जाड करून विचारलं, "ह्यो कोनाचा?"

"डेरिकचा," प्रिसिला म्हणाली आणि वळून पाहिलं. काठीचं टोक डेटा सायन्सवर होतं.

पुढच्या दोन हाकांत रिचेलला नेटवर्क आलं आणि अ‍ॅप आणि गेम उरलं प्रिसिलाला. डेरिकने तोंड उघडलं आणि परत मिटलं. "झालं, आता ठरलं," प्रिसिला हसून म्हणाली. घरी येऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि गुंडाळी करून माळ्यावर टाकलं. आईने विचारलं तर म्हणाली, जुनं झालं होतं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. अ‍ॅपच्या वर्गात प्रिसिलाला काही जड गेलं नाही, हेच वाईट होतं. दिलेलं काम ती मुकाट्याने करायची. बटणाचा रंग, पडद्यावर उड्या मारणारं ससुल्याचं चित्र, सगळं जमायचं आणि कशातच जीव रमायचा नाही. शेजारच्या प्रयोगशाळेचं दार उघडं असलं की तिथला फळा दिसायचा. त्यावर तिच्या ओळखीच्या खुणा असायच्या. तिथेच मागच्या बाकावर डेरिक बसलेला असायचा, परक्या गावच्या स्टँडवर चुकून उतरल्यासारखा. सर काय सांगतात ते तो लिहून घ्यायचा, शब्दन् शब्द, आणि त्यातलं काही कळत नाही हे त्याच्या मानेवरून दिसायचं. बसस्टॉपवर ती विचारायची, "कसं चाललंय रे?" तो म्हणायचा, "चाललंय." दोघं एकमेकांशी इतकं खोटं याआधी कधी बोलली नव्हती.

एके दिवशी सुजय सरांनी तिला जिन्यात अडवलं.

"प्रिसिला, तू माझ्या वर्गात का नाहीस? स्टॅटिस्टिक्सला पहिली आलीस ना तू?"

"सर, मी दुसरा गट घेतला."

"ते दिसलं मला. का घेतलास ते विचारतोय."

वाटे घातले, असं सरांना कसं सांगायचं? सरांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "हे बघ, एमएस्सीला हा गट बघतात. शनिवारपर्यंत बदल करता येईल, मग नावं विद्यापीठाकडे जातील. पण माझ्याकडे जागा एकही नाही. कोणी तुझ्याशी अदलाबदल करायला तयार असेल तर दोघं मिळून या, मी सही करतो. नाहीतर मला काही करता येणार नाही."

अदलाबदल. तेवढा एकच शब्द तिला उच्चारता येत नव्हता.

कारण नुसती रीतच आडवी होती असं नाही. आदल्याच रविवारी मिस्सा संपवून चर्चमधून बाहेर पडताना बर्था मावशी भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "आमच्या डेरिकला सगल्यात मोठा इषय मिलाला. वाटं घातलं पोरांनी, आन् आमच्याच नावाची हाक परली." बायका म्हणत होत्या, बर्थाचं नशीबच तसं. आणि मावशी ओढणीचं टोक डोळ्याला लावत हसत होती. आता तांडेलाच्या पोरीने उठायचं आणि त्या विधवेच्या घरी जाऊन म्हणायचं, मावशी, तो वाटा मला परत द्या? प्रिसिलाने डोक्यात ते वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने बोलून पाहिलं. कुठल्याही तऱ्हेने ते चांगलं वाटेना.

गुरुवारी कॉलेजातून आली तर आल्बर्ट ओट्यावर जाळं सांधत बसला होता. पावसाळ्यामुळे मासेमारी बंद, बोटी वर ओढून झाकलेल्या. या दिवसांत तांडेलाला घरात बसवत नाही आणि बाहेर काम नसतं. प्रिसिला बाजूला बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. वाटे, डेटा, सुजय सर, शनिवार, सगळं. सांगताना आवाज नीट होता. शेवटी मात्र फुटला.

"मला तेच शिकायचं होतं, पप्पा. पहिल्या वर्षापासून तेच. आणि मीच माझ्या तोंडाने दुसऱ्याचं नाव घेतलं."

आल्बर्टने सुई थांबवली.

"तुमी खरंच पाठ फिरवून वाटं घातलं?" त्याने विचारलं. "काय इशारत नाय, काय नाय?"

"इशारत कसली?"

आल्बर्ट ओशाळला. हे वाक्य आपण बोलायला नको होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. पण आता मागे घेता येत नव्हतं. त्याने आधी घरात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"बर्थाचा नवरा गेला तवा आमी तिच्या घरी म्हावरं पाठवलं. तिनं तसंच परत पाठवलं. वाट्याला येल तेवढंच घेन, बोलली. ताठ बाई. मंग मी आन् स्टीवननं ठरवलं." स्टीवन म्हणजे त्याच्या बोटीवरचा जुना खलाशी, काठी धरणारा. "चांगला वाटा आला का स्टीवन काठी उचलायचा नाय, वालूत जराशी ओढायचा. खर्र आवाज व्हतो. तो आयकला का मी बर्थाचं नाव घ्यायचं."

"इतकी वर्षं?" प्रिसिलाने विचारलं.

"मंग काय! सुरमईला काय ठावं, बर्थाचं घर कंचं?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं. लहानपणापासून ती त्या वाळूवर उभी राहून हे बघत आली होती. टोपल्यांचा अंदाज बांधत होती, आणि इतक्या वेळा एकाच घरी सुरमई जाते हे नशिबाने होऊच शकत नाही, एवढा साधा अंदाज तिला कधी आला नव्हता. स्टॅटिस्टिक्सला पहिली आलेली मुलगी!

"मग मी पण तसंच करू? परत वाटे घालून?"

आल्बर्टने मान हलवली. नको म्हणून नाही, कळत नाही म्हणून. "मी काय सांगू पोरी. आमी काठी ओढली ती तिच्यासाठी. आपल्या घरासाठी कदी ओढली नाय." मग घाईने म्हणाला, "आन् ह्यातलं बर्थाच्या कानावर जाता कामा नये हां. ती म्हावरं घ्यायची बंद करंल."

प्रिसिला आत गेली. उपाय सापडेल म्हणून ती बापाजवळ बसली होती, आणि उलट वाट अधिकच बंद झाली. सगळं बंदर ज्या घराकडे हळूच चांगला वाटा सरकवत आलं, त्याच घराच्या हातातून आपण तो काढून घ्यायचा? ते तिच्याने होणार नव्हतं. शुक्रवारी कॉलेजात ती सुजय सरांच्या केबिनसमोरून न जाता मागच्या जिन्याने उतरली. मनातल्या मनात तिने नवा आराखडाही सुरू केला: पदवी झाल्यावर नोकरी धरायची, स्टॅटिस्टिक्स घरी बसून वाचायचं, जमेल तेवढं. त्या आराखड्यात बाण कमी होते.

संध्याकाळी रिचेलचा फोन आला. "धक्क्यावर ये. डेरिक बोलावतोय. आत्ता."

धक्क्यावर दोघं उभी होती. डेरिकच्या हातात काठी होती आणि खाली दोन दगडांखाली दोन कागद.

"परत वाटे घालायचे," डेरिक म्हणाला. एवढं ठाम तो आजवर कधी बोलला नव्हता. "रिचेल बोलते तिला तिचं नेटवर्क आवडलंय, ती उठणार नाही. आपल्या दोघांचेच."

"असं नसतं रे. हाक पडली की..."

"माहितीय मला. पण पहिले वाटे चुकीचे पडले. खलाशाला काठी धरता येत नव्हती." त्याने रिचेलकडे बोट दाखवलं. रिचेलने त्याला कोपर मारलं. "प्रिसी, तू फक्त फिर. दर्याकडे बघ."

ती फिरली. भरती लागली होती. झाकून ठेवलेल्या बोटींच्या ताडपत्र्या वाऱ्याने फडफडत होत्या. नुसती हाक द्यायची, जे येईल ते येईल, असं तिने ठरवलं. पहिलं नाव परत डेरिकचंच घ्यायचं, हेही ठरवलं.

आणि पाठीमागे आवाज आला. काठीचं टोक सिमेंटवरून जरासं ओढत गेलं. खर्र.

"ह्यो कोनाचा?" डेरिकने विचारलं.

चांगला वाटा आहे, असं काठी सांगत होती. हा आवाज आला की तांडेलाने बर्थाचं नाव घ्यायचं. तिचा बाप इतकी वर्षं तेच करत आला होता, आणि तिच्याही ओठावर तेच नाव आलं. पण काठी स्टीवनच्या हातात नव्हती. बर्थाच्या मुलाच्या हातात होती. त्या घराने आजवर घेतलं होतं. आज ते घर देत होतं, आणि लाज वाटू नये म्हणून तिला पाठ फिरवून उभं केलं होतं. ती नाही म्हणाली असती तर त्या घराला पहिल्यांदाच द्यायला मिळालेलं तिने परत पाठवल्यासारखं झालं असतं.

"माझा," ती म्हणाली. तिच्या आयुष्यात इतका अवघड शब्द दुसरा नव्हता.

ती वळली तेव्हा डेरिक काठी खाली ठेवत होता. काठीचं टोक जिथे थांबलं होतं तिथे डेटा सायन्सचा कागद होता.

"तुला काठीचं कोणी सांगितलं?"

"आईने." तो खाली धक्क्यावर बसला. "काल मी तिला बोललो, मला हे झेपत नाय. मला वाटलं रडेल. तर ती बोलली, मग देऊन टाक प्रिसिलाला, तिलाच पायजे होतं ते. मी बोललो, हाक पडलेला वाटा कसा देऊ? तेव्हा हसायला लागली आणि तिने काठीचं सांगितलं. बोलली, तांडेलाच्या पोरीला ती खूण माहीत असेलच."

"म्हणजे मावशीला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. बोलली, मी काय भैरी हाय?" डेरिक आईच्याच आवाजात बोलायला लागला. "बोलली, त्यांनी पाठ फिरवली ती मला लाज वाटू नये म्हनून. मंग मीबी आयकलं नाय असं केलं, त्यांना लाज वाटू नये म्हनून."

रिचेलने पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. सकाळी कॉलेज उघडताच दोघांनी सुजय सरांकडे जायचं ठरलं. डेरिक म्हणाला की ससुल्याचं ते चित्र त्याने खिडकीतून पाहिलंय, त्याचे कान चुकलेत, सोमवारी तो दुरुस्त करील. ते कान प्रिसिलाने काढले होते. तिने काही वाद घातला नाही.

घरी आली तर आल्बर्ट ओट्यावर त्याच जाळ्याशी होता. तिचा चेहरा बघून त्याला समजलं.

"झाली अदलाबदल?"

"अदलाबदल नाही. परत वाटे घातले. डेटा माझ्याकडे आला."

आल्बर्टने मान डोलावली, समाधानाने. "बघ. नशीब." मग त्याला काहीतरी आठवलं. "काठी कोनी धरलेली?"

तिने बर्था मावशीबद्दल एक शब्द काढला नाही. पण विचारलेल्याचं खोटं उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं.

"डेरिकने."

आल्बर्टची सुई थांबली. वाळूवरचे वाटे, स्टीवनची काठी, आणि पदर खोचून टोपली घेऊन शेजारीच उभी असलेली बर्था, कधी वर न बघणारी, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"म्हंजी बर्थाला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. प्रिसिलाने ते पुरं करून दिलं नाही. ती माळ्यावरून कॅलेंडरची गुंडाळी काढायला आत गेली.

भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर परत अडकवून ती दारात आली, तेव्हा आल्बर्ट हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होता आणि हसतही होता. पोरगी बघते आहे हे पाहून त्याने जाळं पुढे ओढलं आणि घसा खाकरला.

"असू दे," तो म्हणाला. "मोसम चालू झाला का मी पाठच फिरवनार. स्टीवनला तू काय बोलू नको."